आधी पुरावा, मग ब्लॉक: मुलांचा ऑनलाइन छळ ओळखायचा आणि थांबवायचा कसा

इंदूरच्या मराठी घरातल्या मुलाचा फोन दोन भाषांत चालतो. आजी, मावशी, मंडळाचा ग्रुप मराठीत. शाळेचे, कोचिंगचे आणि गेमिंगचे ग्रुप रोमन अक्षरांतल्या हिंदीत, तेही अर्धे शब्द गाळून. त्यामुळे राजेंद्रनगरच्या किंवा सुदामानगरच्या घरात आई शेजारी बसलेली असते, स्क्रीन समोर उघडी असते, आणि तरी त्या स्क्रीनवर आपल्या लेकराची काय शोभा चालली आहे ते तिला कळत नाही.

कळतं तेव्हा एकदम धावपळ होते. ॲप उडवलं जातं, नंबर ब्लॉक होतो, समोरच्या मुलाच्या वडिलांना फोन जातो. तासाभरात तिकडचं सगळं डिलीट होतं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत किंवा ठाण्यात दाखवायला हातात काहीच उरत नाही. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी मूल, मग पुरावा, मग ब्लॉक, मग तक्रार.

चेष्टा कुठे संपते

चेष्टा दोन्हीकडून चालते आणि "बस झालं" म्हटलं की थांबते. छळ थांबत नाही. तीन गोष्टी बघा. तेच मूल पुन्हा पुन्हा लक्ष्य होतंय का? समोर जास्त जण, मोठी मुलं किंवा निनावी कुणी आहे, म्हणजे आपल्या मुलाला परतून बोलताच येत नाही, असं आहे का? आणि थांब सांगितल्यावरही चालूच आहे का? ऑनलाइन प्रकारात 'पुन्हा पुन्हा' जरा वेगळं मोजावं लागतं. एकाने एकदाच टाकलेला फोटो चाळीस जणांनी पुढे पाठवला, तर त्या मुलाला तो चाळीस वेळा बोचतो. "मी तर एकदाच टाकला होता" हे उत्तर तिथे चालवून घेऊ नका.

मोठ्यांच्या नजरेतून हमखास सुटणारा प्रकार म्हणजे स्टिकर. वर्गात डुलकी लागलेल्या किंवा डबा खाताना तोंड उघडं असलेल्या मुलाचा फोटो काढायचा, चेहरा कापून स्टिकर करायचा, खाली एक शब्द चिकटवायचा. ज्याला तो आवडला तो एका बोटाने आपल्या फेव्हरिटमध्ये टाकतो. मग मूळ मेसेज सगळ्यांसाठी पुसला तरी स्टिकर बाकीच्यांच्या फोनमध्ये तसाच राहतो आणि काही महिन्यांनी भलत्याच ग्रुपमध्ये उगवतो. म्हणून "त्याने डिलीट केला ना, मग संपलं" असं मानू नका. प्रत्येकाने तो आपापल्या फेव्हरिटमधून काढायचा, हे शिक्षकांनी वर्गात उभं राहून सांगावं लागतं.

बाकीचे प्रकार थोडक्यात: एकाला वगळून बाकी सगळ्या वर्गाचा ग्रुप, कॉलेजच्या नावाने चालणाऱ्या निनावी 'कन्फेशन' पानांवर नाव न घेता सगळ्यांना कळेल असं लिहिणं, खोटं अकाउंट, विश्वासाने सांगितलेल्या खासगी गोष्टीचे स्क्रीनशॉट फिरवणं, मुलीचा नंबर उघड टाकून अनोळखी लोकांचे फोन यायला लावणं, चेहरा वापरून बनवलेला खोटा फोटो किंवा व्हिडिओ. गेममधल्या व्हॉइस चॅटवर होणाऱ्या शिवीगाळीचं मागे काहीच उरत नाही, तिथे खेळतानाच आवाजासकट स्क्रीन रेकॉर्डिंग चालू ठेवावं लागतं.

घरात काय दिसतं

मूल सांगत नाही, कारण सांगितलं तर फोन जाईल ही त्याची पहिली भीती असते. त्यामुळे बाजूच्या खुणा वाचाव्या लागतात. नोटिफिकेशन वाजलं की दचकणं, मग फोन पालथा ठेवणं. रोजचा ग्रुप अचानक म्यूट. जुनं अकाउंट बंद करून वेगळ्या नावाचं नवं. कोचिंगच्या दिवशीच पोटात दुखणं. डबा तसाच परत येणं. डीपी काढून टाकणं, घरच्या समारंभातही फोटो काढू न देणं. रात्री उशिरापर्यंत जागणं, पण गेम किंवा गप्पांसाठी नव्हे, कोण काय बोलतंय ते बघत राहण्यासाठी.

यातली एखादी खूण परीक्षेच्या ताणातही दिसते. तीन-चार एकदम सुरू झाल्या आणि दोन आठवडे टिकल्या, तर विचारायला हवं. पण विचारताना फोनपासून सुरुवात करू नका. "वर्गाच्या ग्रुपवर हल्ली कुणाची फिरकी घेतात रे?" असं तिऱ्हाइताबद्दल विचारलं की मूल लवकर बोलतं. संध्याकाळी स्कूटरवर मागे बसवून नेताना विचारलेलं त्याहून सोपं जातं, तोंडाकडे बघावं लागत नाही.

पहिली संध्याकाळ

मुलाने सांगितलं की पहिली दोन-तीन वाक्यं महत्त्वाची. "सांगितलंस ते बरं केलंस. तुझा फोन मी घेणार नाही. तुला विचारल्याशिवाय कुणालाही फोन करणार नाही." एवढं म्हणा आणि ते पाळा. "तूच काहीतरी केलं असशील", "तुला कितीदा सांगितलं होतं फोटो टाकू नकोस", "दुर्लक्ष कर" ही वाक्यं त्या दिवशी तोंडाबाहेर काढू नका. मुलीने स्वतः कुणाला फोटो पाठवला असेल, तरी तो फिरवणारा दोषी आहे. ती चर्चा नंतर, शांतपणे होऊ शकते.

मग चार गोष्टी विचारून कागदावर लिहा: कधीपासून, कोण कोण, कुठल्या ॲपवर, आणि आतापर्यंत तू उत्तर काय दिलंस. शेवटचा प्रश्न टाळू नका. मुलाने रागात शिवी दिली असेल तर समोरचा नेमका तेवढाच स्क्रीनशॉट दाखवणार, तेव्हा ते आपल्याला आधी माहीत हवं.

मूल "मी नसतो तर बरं झालं असतं" अशा धर्तीचं काही बोललं, स्वतःच्या वस्तू वाटून टाकू लागलं किंवा एकदम शांत झालं, तर बाकी सगळं बाजूला ठेवा. "मरावंसं वाटतं का?" हे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या रात्री त्याला एकटं झोपवू नका. औषधांच्या बाटल्या आणि फिनाइल हाताबाहेर ठेवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर, चोवीस तास मोफत बोलता येतं, भाषा निवडता येते. धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा थेट हॉस्पिटल. मुलांसाठी १०९८ आहे, मूल स्वतःही लावू शकतं.

पुरावा गोळा करताना

इथे घाई नको, पण उशीरही नको. व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्याला साधारण दोन दिवसांपर्यंत मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, आणि डिसॅपिअरिंग मेसेज चालू असतील तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांत ते आपोआप जातात. म्हणून त्याच संध्याकाळी बसा.

स्क्रीनशॉटमध्ये नेहमी होणारी चूक अशी. मुलाच्या फोनमध्ये त्रास देणाऱ्याचा नंबर टोपणनावाने सेव्ह असतो. स्क्रीनशॉटवर फक्त ते टोपणनाव येतं, आणि ते तर मुलानेच टाईप केलेलं आहे. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून चॅटच्या वरच्या नावावर टॅप करून माहितीचं पान उघडा, पूर्ण नंबर दिसेल असा वेगळा स्क्रीनशॉट घ्या. दुसरी चूक तारखेची. चॅटमध्ये 'आज', 'काल' असं लिहून येतं, आणि महिन्याने तो 'आज' कुठला ते कुणालाच सांगता येत नाही. आत्ता एक शॉट घ्या, आणि आठवडाभराने, चॅटवर पूर्ण तारीख दिसू लागली की, तीच पुन्हा उघडून तारखेसकट दुसरा घ्या. तिसरी चूक काटछाटीची. फक्त शिवीचा तुकडा ठेवू नका. आधीचे आणि नंतरचे मेसेज दिसू द्या, लाल गोल काढू नका. खुणा करायच्या असतील तर वेगळ्या प्रतीवर करा.

ग्रुप असेल तर सदस्यांची पूर्ण यादी, ॲडमिन कोण, ग्रुप कुणी आणि कधी बनवला, हे सगळं घ्या. कुणी ग्रुप सोडून पळालं तरी गेल्या ६० दिवसांत बाहेर पडलेल्यांची नावं ग्रुपच्या माहितीत खाली दिसतात. चॅट एक्सपोर्ट करून मजकुराची फाइलही काढून ठेवा. तिच्यात तारीख आणि वेळ प्रत्येक ओळीला येते.

इन्स्टाग्रामवर नाव आणि युजरनेम दोन्ही क्षणात बदलतात. प्रोफाइलच्या तीन टिंबांतून लिंक कॉपी करून लिहून ठेवा, पोस्टची लिंक वेगळी, कॉमेंटचा शॉट वेगळा. सगळ्यात भक्कम म्हणजे एक सलग स्क्रीन रेकॉर्डिंग: फोनच्या होम स्क्रीनपासून सुरू करा, तारीख-वेळ दाखवा, ॲप उघडा, प्रोफाइलवर जा, पोस्टपर्यंत स्क्रोल करा. मध्ये थांबवू नका. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट घेतला की समोरच्याला कळतं, आणि व्हॉट्सॲपच्या 'व्ह्यू वन्स' फोटोचा स्क्रीनशॉट निघतच नाही. दोन्हीकडे दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढावा लागतो. व्ह्यू वन्स एकदाच उघडतो, तेव्हा दुसऱ्या फोनचा कॅमेरा चालू करूनच त्यावर बोट ठेवा.

एक वही घाला. प्रत्येक घटनेला एक ओळ, अशी: "१४ ऑगस्ट, रात्री ९.४०. व्हॉट्सॲप, वर्गाचा ग्रुप, २३ सदस्य. अमुक नंबरवरून दोन स्टिकर, चेहरा मुलाचा. शॉट क्र. ७ आणि ८. दुसऱ्या दिवशी मूल शाळेत गेलं नाही." विशेषणं नकोत. 'अत्यंत घाणेरडा मेसेज' लिहिण्यापेक्षा मेसेज जसा आहे तसा, शिवीसकट उतरवा.

फाइली स्वतःलाच व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्या तर त्या दाबल्या जातात आणि मूळ माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा केबलने पेनड्राइव्हवर घ्या. आणि ज्या फोनवर हे सगळं आलं तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, एक्सचेंजमध्ये देऊ नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात प्रत कुठल्या उपकरणातून काढली ते नोंदवायचं असतं.

या सगळ्याला एक कडक अपवाद आहे. १८ वर्षांखालच्या मुलाचा किंवा मुलीचा नग्न वा लैंगिक फोटो-व्हिडिओ असेल, तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊ नका, कॉपी करू नका, 'पुरावा म्हणून' कुणालाही पाठवू नका, शाळेच्या मुख्याध्यापकांनासुद्धा नाही. असं साहित्य पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब (67B) खाली गुन्हा आहे, आणि ते साठवण्याबाबत पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याचं, कलम १५ किती कडक आहे हे सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. लिंक, नंबर, तारीख कागदावर लिहा आणि फोन जसाच्या तसा पोलिसांकडे न्या.

आता ब्लॉक, आणि त्याआधी एक तपासणी

पुरावा हातात आला की ब्लॉक करण्याआधी बघा की आतली गोष्ट बाहेर जाते कशी. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. कोचिंगमध्ये किंवा हॉस्टेलवर मित्राने दोन मिनिटं फोन मागून क्यूआर कोड स्कॅन केलेला असतो आणि महिनाभर त्याच्या लॅपटॉपवर सगळ्या चॅट उघड्या असतात. अनोळखी उपकरण दिसलं तर आधी त्या यादीचा स्क्रीनशॉट, मग लॉग आउट, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन. इन्स्टाग्रामवर अकाउंट्स सेंटरमध्ये पासवर्ड आणि सुरक्षेखाली 'कुठे कुठे लॉग इन आहात' ही यादी असते. तिथेही हाच क्रम. पासवर्ड जिवलग मैत्रिणीलाही नको. मैत्री तुटली की तोच पहिला वापरला जातो.

व्हॉट्सॲपवर रिपोर्ट केलं की त्या माणसाचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, समोरच्याला कळत नाही. म्हणून वाईट मेसेज आल्या आल्या रिपोर्ट केलेलं चांगलं. मध्ये दहा साधे मेसेज येऊन गेले तर कंपनीला तेच दिसतात. रिपोर्ट करताना चॅट डिलीट करण्याचा पर्यायही येतो, ती खूण काढून टाका. प्रायव्हसीमध्ये ग्रुपसाठी 'माय कॉन्टॅक्ट्स' ठेवा, म्हणजे कुणीही उठून ग्रुपमध्ये ओढणार नाही.

इन्स्टाग्रामवर लगेच ब्लॉक करण्यापेक्षा आधी 'रिस्ट्रिक्ट' करून बघा. समोरच्याला कळत नाही, त्याच्या कॉमेंट फक्त त्यालाच दिसतात, मेसेज रिक्वेस्टमध्ये जाऊन पडतात. ब्लॉक केल्यावर चिडून नवं अकाउंट काढणारे असतात, त्यांच्यासाठी हा उपाय बरा. 'हिडन वर्ड्स'मध्ये तुमच्या मुलाला चिडवण्यासाठी वापरले जाणारे शब्द स्वतः भरा, रोमन आणि देवनागरी दोन्ही लिप्यांत आणि दोन-तीन वेगवेगळ्या स्पेलिंगने. तयार यादीत इंदुरी शिव्या आणि मराठी टोपणनावं नसतात.

खोट्या अकाउंटला पन्नास मित्रांकडून रिपोर्ट करवून काही होत नाही, कंपन्या संख्येवर निर्णय घेत नाहीत. ज्याचं सोंग घेतलंय त्याने स्वतः 'हा माझं सोंग घेतोय' हा नेमका पर्याय निवडून रिपोर्ट करावं. ओळखपत्र मागितलं तर द्यायची तयारी ठेवा. 'स्पॅम' किंवा 'आवडत नाही' निवडलं तर तक्रार भलत्या रांगेत जाते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे प्रत्येक मोठ्या ॲपला भारतात तक्रार अधिकारी ठेवावा लागतो. नग्न किंवा बनावट फोटो, तसंच सोंग घेतलेलं अकाउंट याबद्दल त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कुणी तक्रार केली, तर ते हटवण्याची जबाबदारी त्याच नियमांनी त्यांच्यावर टाकली; २०२१ मध्ये त्यासाठी २४ तासांची मुदत होती, फेब्रुवारी २०२६ मध्ये ती दोन तासांवर आणली गेली. ॲपमधलं बटण दाबून उत्तर आलं नाही तर त्या अधिकाऱ्याला ईमेल करा. तिथेही नकार मिळाला तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं.

खासगी फोटो फिरवण्याची धमकी असेल तर सज्ञान व्यक्तीसाठी 'स्टॉप एनसीआयआय' आणि १८ खालच्यांसाठी 'टेक इट डाउन' या मोफत सेवा आहेत. फोटो तुमच्या फोनबाहेर जात नाही. त्याचा फक्त एक आकडी ठसा तयार होतो आणि सहभागी ॲप तो ठसा जुळणारे फोटो अडवतात. व्हॉट्सॲपच्या खासगी चॅटमध्ये मात्र हे चालत नाही, हे लक्षात ठेवून बाकीची पावलं टाका. पैसे मागत असतील तर एक रुपयाही देऊ नका, दिला की मागणी वाढते. दिले गेले असतील तर व्यवहार क्रमांक हाताशी घेऊन लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा; पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवायचा असतो, तिथे मिनिटं मोजली जातात.

शाळा, आणि समोरचं घर

स्टिकर, वगळणं, टोपणनावं, ग्रुपवरची शिवीगाळ हे शाळेत सुटू शकतं, पण तोंडी नाही. मुख्याध्यापकांच्या नावे एक पानी अर्ज द्या: वहीतल्या पाच-सहा नोंदी तारखेसकट, सोबत छापील शॉट, आणि नेमक्या मागण्या. "योग्य कारवाई करावी" लिहिलं की कुणीच काही करत नाही. "ग्रुप बंद करावा, स्टिकर सगळ्यांच्या फोनमधून काढवावेत, दोघांची बाक आणि बसमधली जागा वेगळी करावी, सात दिवसांत लेखी कळवावं" असं लिहा. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. मुलांना समोरासमोर बसवून "हात मिळवा" करायला लावू नका. दोघांच्या भांडणात ते चालतं. एकाविरुद्ध दहा असताना त्या एकाला तिथेही मान खाली घालावी लागते.

समोरच्या घराचं मात्र इंदुरात अवघड असतं. इथला मराठी समाज एकमेकांना धरून आहे, गणेशोत्सवात, रामबागेतल्या लग्नात, नाटकाला तीच माणसं भेटतात. "ओळखीतलेच आहेत, मिटवून टाका" हा दबाव काकांकडून येतोच. मिटवायला हरकत नाही, पण मुलाच्या संमतीने आणि त्रास खरोखर थांबत असेल तरच. फोनवर बोलू नका, स्क्रीनशॉट फॉरवर्ड करू नका, मंडळाच्या ग्रुपवर तर अक्षरही टाकू नका. मग आपलंच मूल पुन्हा चर्चेत येतं आणि समोरचे बदनामीचा मुद्दा काढतात. दोन्ही घरांना मान असलेला एक तिसरा माणूस सोबत घ्या, छापील कागद न्या, अर्धा तास बसा, तीन मागण्या ठेवा आणि उठा. "पोरंच आहेत हो" असं उत्तर आलं तर वाद न घालता "मग आम्ही शाळेत लेखी देतो" एवढंच म्हणा.

मोठ्यांच्या ग्रुपमध्येही, म्हणजे मंडळ, सोसायटी, नातेवाईक यांत, हाच प्रकार सुनांबद्दल आणि एकट्या राहणाऱ्या बायांबद्दल चालतो. तिथे ॲडमिनला लेखी सांगा. ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. सदस्याने टाकलेल्या मेसेजसाठी केवळ ॲडमिन असल्यामुळे गुन्हा लागत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे, तेव्हा "मी अडकेन" म्हणून घाबरणाऱ्या ॲडमिनला ते सांगून कामाला लावा.

पोलिसांकडे कधी, आणि कसं

लैंगिक फोटो किंवा मागणी, जिवाची धमकी, पैसे उकळणं, पाठलाग, खोटं अकाउंट काढून घाण पसरवणं, पत्ता किंवा नंबर उघड करणं: यांत शाळेची वाट बघू नका. मुलाशी लैंगिक स्वरूपाचं काहीही घडलं असेल तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, शाळेवरही.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन, महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. तिथे निनावी तक्रार करता येते, पण मग तिचं पुढे काय झालं ते बघता येत नाही. म्हणून शक्यतो नंबर देऊन तक्रार करा आणि पावती क्रमांक वहीत लिहा. पोर्टलची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, हे बरेच जण विसरतात आणि महिनाभर वाट बघत बसतात. पोर्टलची पावती घेऊन ठाण्यात जावंच लागतं. बऱ्याच ठाण्यांत महिलांसाठी ऊर्जा डेस्क आहे, तिथून सुरुवात करा.

आवेदन हिंदीत लिहा, थोडक्यात आणि तारखेने: "दिनांक १४ अगस्त को रात ९.४० बजे मोबाइल नंबर … से मेरे पुत्र का फोटो बिगाड़कर ग्रुप में डाला गया, स्क्रीनशॉट क्रमांक ७ संलग्न।" मूळ मेसेज मराठीत असेल तर आधी मराठीत जसाच्या तसा, खाली हिंदी अर्थ. नुसता अर्थ दिला तर मूळ काय होतं यावर पुढे वाद होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्यांचा तपास निरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, म्हणून टीआयसाहेबांना, म्हणजे ठाण्याच्या निरीक्षकांना, भेटल्याशिवाय परत येऊ नका. आवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर पावती घ्या. "हे आमच्या हद्दीत नाही" हे कारण चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर होते आणि तिची प्रत मोफत मिळते. नोंदच घेतली नाही तर वर लेखी द्या. इंदूर शहरात डिसेंबर २०२१ पासून आयुक्तालय आहे, तेव्हा आपल्या झोनच्या डीसीपींकडे; महू-देपालपूरकडच्यांनी ग्रामीण एसपींकडे. त्यानंतर मॅजिस्ट्रेट. अर्ज नुसताच पडून असेल तर मध्य प्रदेशात १८१ ही सीएम हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार टाकली की ठाण्यातून फोन येतो.

कलमं पोलीस ठरवतात, तरी माहीत असलेली बरी. पासवर्ड चोरून वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६क (66C) खाली, सोंग घेऊन फसवणं ६६ड (66D), खासगी अंगाचा फोटो संमतीशिवाय काढणं वा फिरवणं ६६ई (66E), अश्लील मजकूर ६७. स्त्रीचा ऑनलाइन पाठलाग भारतीय न्याय संहितेच्या ७८ खाली, धमकी ३५१, खंडणी ३०८. इंग्रजी अर्जांत अजूनही दिसणारं ६६अ (66A) लिहू नका, ते सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. नुसती बदनामी, म्हणजे कलम ३५६, यात पोलीस थेट एफआयआर घेऊ शकत नाहीत, तिथे मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करावी लागते. "हे आमच्याकडे येत नाही" याचं कधी कधी हे खरं कारण असतं. धमकी किंवा अश्लीलता असेल तर ती आवेदनात पहिल्या परिच्छेदात आणा.

पॉक्सो प्रकरणात मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. ठाण्यात बाकावर बसवून चार लोकांसमोर विचारू लागले तर नम्रपणे कलम २४ ची आठवण करून द्या.

त्रास देणारा १८ खालचा असेल तर त्याला बाल न्याय कायदा लागू होतो. गुन्हा अतिगंभीर नसेल आणि कुणी सज्ञान सामील नसेल, तर सहसा एफआयआर न करता दैनंदिनीत नोंद होते आणि मुलाचा सामाजिक अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. याचा अर्थ काहीच होत नाही असा नाही. घरी पोलीस आले, पालकांना बोलावणं आलं की बहुतेक ठिकाणी त्रास त्याच आठवड्यात थांबतो.

आपलंच मूल दुसऱ्याला छळत असेल तर

असा फोन कुणाकडून आला तर पहिल्या वाक्यात बचाव करू नका. कागद घ्या, "बघतो आणि परवा कळवतो" म्हणा. घरी मुलाला "केलंस का?" असं विचारलं की "नाही" येतं, "या ग्रुपमध्ये काय चाललंय ते मला पहिल्यापासून दाखव" म्हणा आणि शेजारी बसून वर स्क्रोल करा. तुम्हीही इथे काही डिलीट करू नका. पोलिसांपर्यंत प्रकरण गेलं असेल तर पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा होतो. त्याने बनवलेले स्टिकर, अकाउंट, ग्रुप कुठे कुठे आहेत त्याची यादी त्याच्याकडूनच लिहून घ्या, समोरच्या घराला प्रत द्या, आणि त्यांनी आपला पुरावा घेतल्याचं सांगितल्यावर एकेक काढवून घ्या. माफी त्या मुलाला हवी असेल तेव्हा आणि त्याला हवी तशी, चिठ्ठीने किंवा भेटून. जिथे सगळ्यांसमोर चेष्टा झाली त्याच ग्रुपवर आपल्या मुलाने "हे मी बनवलं होतं, सगळ्यांनी काढून टाका" असं लिहावं, पण तेही समोरच्या मुलाला विचारूनच. मग तीन दिवसांनी, दोन आठवड्यांनी आणि महिन्याने त्याच्याबरोबर बसून तो ग्रुप आणि फेव्हरिटमधले स्टिकर पुन्हा बघा.